अठरा फुटांवरचा पाषाण

"दुष्काळातल्या बोअरच्या गमतीजमती लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. गमती आहेत माझ्याकडे. बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यात सरकारी बोअरचं यंत्र चालवत होतो. एका गावच्या पाटलांना बोअर स्वतःच्या दारातच हवा होता. ते दारात खाट टाकून दोन दिवस झोपून राहिले आणि यंत्राची गाडी पुढे जाऊ देईनात. दुसऱ्या एका गावात तळहातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्यानं जागा दाखवली. नारळ उभा राहिला, आम्ही दीडशे फूट खाली गेलो आणि नुसती धूळ निघाली. पाणाड्या शांतपणे म्हणाला, "पानी हुतं. तुमच्या मशिनच्या आवाजानं पळालं."

हे किस्से मी लग्नाकार्यात पुष्कळ सांगितले. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलं आहे, आणि एक गोष्ट मी गेल्या वर्षापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. तिच्यात माझ्या हातून झालेल्या गोष्टीचा दोष दुसऱ्या माणसाच्या माथी गेला. लहानू अण्णा त्यांचं नाव. ते वारले. जसं झालं तसं लिहितो. मात्र त्यात पुष्कळ जागा अशा आहेत की तिथं नक्की काय झालं ते मलाच कळत नाही. तिथं तसं सांगेन.

आधी आमचं काम काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

आपल्या भागात वर माती, तिच्याखाली पिवळा मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरूम पाणी झिरपू देतो. वरचं गटाराचं, गोठ्याचं, डबक्याचं पाणी मुरमातून खाली उतरतं. पिण्याचं चांगलं पाणी असतं ते पाषाणाच्या भेगांत, खोल. म्हणून बोअर घेताना मुरूम असेपर्यंत भोकात लोखंडी पाईप उतरवायचा. त्याला केसिंग म्हणतात. हा पाईप पाषाणात फूट-दोन फूट घट्ट बसला पाहिजे. तो बसला की वरचं घाण पाणी बाहेर राहतं. पाईप मुरमातच संपला, तर वरचं पाणी मुरमातून फिरून पाईपच्या खालून बोअरमध्ये शिरतं. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. पंप छान चालतो, पाणीही नितळ दिसतं.

पाषाण लागला हे कसं कळतं? एक तर धुळीवरून. हवेच्या जोरानं खालची धूळ वर येते. आम्ही दर पाच फुटांना त्या धुळीची एक ओंजळ जमिनीवर ओळीनं मांडायचो. ती ओळ म्हणजे आडवं मांडलेलं जमिनीचं पोट. पहिली ढिगुळी काळी, मग पिवळ्या, मग राखाडी. त्या ओळीवरून रजिस्टरमध्ये नोंद करायची. दुसरं म्हणजे आवाज. पाषाणात यंत्राचा दगड फोडणारा हॅमर खणखणतो, मुरमात बसका होतो. पुढे या आवाजानं माझे कान अधू झाले, पण त्या वेळी ते चांगले होते. हे मुद्दाम लिहितो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमचं यंत्र पारनेर तालुक्यात होतं. सुप्याला तेव्हा कारखाने वगैरे नव्हते, रस्त्याकडेला चहाची दोन दुकानं होती. तिथून आत पठारावर एका गावात आम्ही गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते कळेलच. गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर एक दिवसाआड यायचा, आला तर. बाया ओढ्याच्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीनं हंडे भरायच्या.

त्याआधी आमचे लागोपाठ तीन बोअर कोरडे गेले होते. आमच्या यंत्राला लोक 'धुळीचं मशीन' म्हणायला लागले होते. गावात शिरताना पोरंसुद्धा हसायची. तेव्हा मी चोविशीतला. यंत्र म्हणजे माझी इज्जत असं मला वाटायचं.

लहानू अण्णा तिथंच भेटले. साठीचे असतील. स्वतःची थोडी कोरडवाहू शेती, पण पंचक्रोशीत नाव होतं ते विहिरींसाठी. कुणाची विहीर खणायला काढली की अण्णांना बोलावणं जायचं. ते खाली उतरायचे, पहारीनं दोन ठिकाणी ठोकायचे, दगडाचा तुकडा जिभेला लावायचे आणि सांगायचे, अजून अर्धा परस, म्हणजे अर्ध्या माणसाच्या उंचीएवढं फोडा, किंवा आता थांबा. त्यासाठी ते कुणाकडून काही घेत नसत. जेवायला मात्र आग्रहानं थांबायचे. यंत्र आल्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. उलट सकाळपासून ते आमच्या ढिगुळ्यांच्या ओळीजवळ उकिडवे बसून होते. मधूनच एखादी चिमूट उचलून बोटांत चोळायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. मलाही ते आवडलं होतं. दुसऱ्या कुणाला त्या धुळीत काही दिसत नसे.

अठरा फुटांवर हॅमर खणखणला. धूळ राखाडी झाली. मी दोन फूट आणखी गेलो, खणखणाट तसाच. गाडीवर केसिंगचे दहा-दहा फुटांचे दोनच पाईप शिल्लक होते. बाकीचे नगरहून येणार होते, तीन दिवसांनी किंवा चार. वीस फूट म्हणजे बरोब्बर दोन पाईप. मला वाटलं, देवच पावला. पाईप उतरवले, ठोकून बसवले आणि पाईपातून जाईल असा लहान हॅमर लावून पुढे निघालो.

चोवीस फुटांवर आवाज बसला.

हॅमरचा रॉड भराभर खाली जाऊ लागला. वर आली ती धूळ पिवळी. पंचविसाची ढिगुळी पिवळी, तिसाची पिवळी. पस्तिसाची मांडायला मी वाकलो तेव्हा अण्णा शेजारी आले. आवाजात ऐकू यावं म्हणून माझ्या कानाला लागून म्हणाले, "मिस्त्री, पुन्हा मुरूम आला. वर लागला त्यो धोंडा हुता. पाषान न्हाई."

मुरमात असे मोठाले गोल धोंडे असतात. बैलगाडीएवढेसुद्धा असतात. त्यावर हॅमर पाषाणासारखाच वाजतो. हे मला माहीत होतं. मी त्यांना म्हणालो, "वरचा मुरूम ढासळून खालून येतोय अण्णा. पाईप बसताना सुटलेला असतो."

असंही होतं. हे मी खोटं बोललो नाही. पाईपच्या तळाशी मुरूम सुटला तर काही वेळ पिवळी धूळ येते. पण हॅमरचा आवाज ढासळलेल्या मुरमानं बसत नाही. तो मी ऐकला होता.

अण्णा म्हणाले, "मंग मशिनचा आवाज का बसला?"

मी म्हणालो, "तुमच्या पहारीचे दिवस गेले आता. यंत्राला कळतं."

हे मी हसत म्हणालो. आमची माणसं हसली. अण्णाही थोडे हसले आणि मागे सरकले.

अडतीस फुटांवर पुन्हा खणखणाट झाला तो शेवटपर्यंत. खरा पाषाण तो. तिथं मी थांबायला हवं होतं. रॉड बाहेर काढायचे, पाईपची वाट बघायची, भोक रुंद करून अडतीसच्या खाली केसिंग न्यायचं. चार दिवस लागले असते. पुढच्या गावाचे लोक बैलगाडी घेऊन येऊन बसले होते आणि आज निघा म्हणून मागे लागले होते. इथल्या बायांनी सकाळपासून हंड्यांची रांग लावली होती. आणि मला पाणी लागलेलं बघायचं होतं. यातलं कुठलं कारण खरं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

मी थांबलो नाही. एकशे दहा फुटांवर धूळ ओली झाली, मग चिखल आला आणि मग पाण्याचा फवारा गाडीच्या वर गेला. बायांनी यंत्राला हळदकुंकू लावलं. कुणीतरी नारळ फोडला. अण्णांनी ते पाणी दोन्ही हातांनी डोळ्यांना लावलं आणि मला म्हणाले, "तुझं मशीन जितलं रं बाबा." पिवळ्या धुळीचा विषय त्यांनी काढला नाही. मी आपण होऊन काढायला हवा होता.

त्या तीन पिवळ्या ढिगुळ्यांचं काय झालं, हे मला दोन तऱ्हांनी आठवतं. एका आठवणीत पाण्याच्या चिखलानं सगळी ओळच वाहून गेली. दुसरीत मी फावड्यानं त्या तीन उचलून टाकल्या आणि तिथं राखाडी धूळ ठेवली. पन्नास वर्षं दोन्ही चित्रं मला सारखीच स्पष्ट दिसतात. रजिस्टरमध्ये मात्र काय लिहिलं त्यात घोळ नाही. 'अठरा फुटांपासून अखंड काळा पाषाण. केसिंग वीस फूट, पाषाणात घट्ट.' खाली 'ड्रिलर' म्हणून माझी सही.

दोन दिवस आम्ही तिथंच होतो, गाडीचं काम निघालं म्हणून. हातपंप बसला, सिमेंटचा ओटा झाला. पंप मारताना सांडलेलं पाणी ओट्यावरून वाहून लांब जावं म्हणून गवंड्यानं नाली काढली होती. पण ज्या गावानं वर्षभर वाटीनं पाणी मोजलं, त्याला वाहून जाणारं पाणी बघवेना. बाया नालीला पाय लावून पाणी अडवायच्या. अण्णा माझ्याकडे आले आणि विचारलं, नाली बुजवून ओट्याच्या पायाशीच एक डोणीसारखा खड्डा केला तर चालेल का, जनावरांची सोय होईल. मी हो म्हणालो. चालणार नाही, हे मला ठाऊक होतं. पिण्याच्या पाण्याच्या तोंडाशी डबकं नको, हा आमचा पहिला नियम. पण बोअर घेताना मी त्यांची थट्टा केली होती आणि त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. त्यांना नाही म्हणवेना. शिवाय मनात असंही आलं की केसिंग असताना काय होतंय. ते असून नसल्यासारखं होतं, हे तेवढ्यापुरतं मी विसरलो की काय, कळत नाही.

अण्णांनी खड्डा खणला. जनावरं त्यात उभी राहून पाणी प्यायची. सगळं गाव त्यांना दुवा देत होतं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. बाजरी पोटरीत आली असताना गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आठवड्यात निम्म्या घरांत माणसं आडवी. एक म्हातारी गेली आणि माहेरी आलेली एक बाळंतीण गेली. मला रजिस्टर घेऊन बोलावणं आलं.

मारुतीच्या देवळासमोर चौकशी झाली. वरून आलेले एक अधिकारी, दवाखान्याचे डॉक्टर आणि सगळं गाव. पाण्याची बाटली तपासायला गेली होती, तिचं उत्तर 'दूषित' आलं होतं. डॉक्टरांची यादी मात्र गोंधळाची होती. आजारी पडलेले बहुतेक जण पंपाचं पाणी पिणारे. पण ओढ्याकाठच्या वस्तीवरचे काही जण झिऱ्याचं पाणी पीत होते, तेही आजारी. आणि पंपाला लागून असलेलं एक घर, पोराबाळांसकट ठणठणीत. डॉक्टर स्वतःच म्हणाले की हे त्यांना नीट लागत नाही.

अधिकाऱ्यांना ते लागलं. त्यांनी खड्डा पाहिला होता, त्यात शेण तरंगत होतं. त्यांनी माझं रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचलं. अठरा फुटांपासून अखंड काळा पाषाण. म्हणजे बोअरमध्ये दोष नाही. ओट्याला पायाशी तडा होता, तिथून खड्ड्याचं पाणी वरूनच आत गेलं असणार, असं त्यांनी ठरवलं.

लहानू अण्णा मागे बसले होते. ते उठून पुढे आले. अधिकाऱ्यांना त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, आठरापास्नं पाषान हुता?"

मी म्हणालो, "नोंद आहे ना, अण्णा."

हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तेवढंच म्हणालो. अण्णा अधिकाऱ्यांच्या हातातल्या रजिस्टरकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

मग अधिकाऱ्यांनी खड्डा कुणी खणला ते विचारलं. अण्णा म्हणाले, "म्या खांदला." कुणाला विचारून, असं विचारल्यावर ते पुन्हा माझ्याकडे वळतील म्हणून मी खाली बघितलं. ते म्हणाले, "कुनाला न्हाई."

ते असं का म्हणाले? मला वाचवायला, असं मानलं तर माझं ओझं वाढतं. विसरले असतील, तर ते शक्य नाही. रागानं म्हणाले असतील, तर तसा आवाज नव्हता.

खड्डा बुजवला, ओटा दुरुस्त झाला, बोअरमध्ये पावडर टाकली. पंधरा दिवसांनी पुन्हा बाटली गेली, ती 'योग्य' आली. पावडरमुळे आली की खड्डा बुजवल्यामुळे, कुणी विचारलं नाही. साथही थांबली, पण ती तोवर आपण होऊनच ओसरत आली होती. आजही कुणी मला विचारलं, की छातीवर हात ठेवून सांग, ती दोन माणसं तुझ्या केसिंगमुळे गेली का, तर मी सांगू शकत नाही. खड्ड्यामुळे असेल, झिऱ्यामुळे असेल, हंड्यांमुळे असेल. या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी पन्नास वर्षं काढली. चांगला आडोसा होता. निवृत्त होईपर्यंत कुणाचं बोट माझ्याकडे आलं नाही. नव्या मुलांना शिकवताना मी एक गोष्ट घोकून घ्यायचो: पहिल्या खणखणाटाला भुलू नका, दहा फूट पुढे जाऊन बघा. ते मला फार काटेकोर समजायचे. निरोप समारंभात तसं भाषणही झालं.

गेल्या वर्षी मी त्या गावी गेलो. का गेलो तेही नीट सांगता येणार नाही. नगरला दवाखान्यात गेलो होतो, तिथून घरी जायच्या एसटीऐवजी सुप्याच्या एसटीत बसलो. अण्णांच्या घरी त्यांची सून भेटली, कौसाबाई. आता तिनंच सत्तरी गाठली आहे. तिनं मला ओळखलं नाही. बोअरच्या मशिनवरचा मिस्त्री म्हटल्यावर ओळखलं आणि चहा ठेवला.

अण्णांना गावानं वाळीत टाकलं नव्हतं, असं ती म्हणाली. पण ते देवळासमोर जाऊन बसले की हळूहळू एकेक माणूस उठायचा. त्या बाळंतिणीचा बाप समोर आला की अण्णा रस्ता बदलायचे. चारेक वर्षांनी लोक विसरले. मग विहिरींसाठी पुन्हा बोलावू लागले.

"पर मामंजी जायचे न्हाईत," कौसाबाई म्हणाली. "लोक म्हनायचे, अण्णा, चला, कुठवर फोडायचं तेवढं सांगा. तर म्हनायचे, माजा हात चुकतो आता. धोंडा कुठला आन् पाषान कुठला, ते मला कळत न्हाई. मशिनच्या वहीत पाषान लिवलेला हुता आन् मला धोंडा दिसला."

मी विचारलं, शेवटपर्यंत असंच?

"शेवटपत्तुर. थोरल्या दिरांनी आमच्याच रानात हीर काढली, तवा बी खाली उतरले न्हाईत. काठावर बसून ऱ्हायचे."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की खड्ड्याचा आळ मी त्यांच्यावर येऊ दिला, एवढाच माझा गुन्हा. त्या दोन मृत्यूंचा हिशेब लागत नव्हता, म्हणून त्या आळाचाही लागत नाही, असं मी धरून चाललो होतो. जन्मभर दगड ओळखणाऱ्या माणसाला मी दगड ओळखता येत नाही असं पटवून दिलं, आणि त्यासाठी मला 'नोंद आहे ना' हे तीन शब्द पुरले. यात कुठला घोळ नाही, झिरा नाही, हंडे नाहीत.

मी तिला सगळं सांगितलं. चहा निवून गेला. माझं सांगून संपल्यावर कौसाबाई म्हणाली, "मंग ते होते तवा का न्हाई आलात?"

मी निवलेला चहा पिऊन टाकला.

मग तिनं विचारलं, "म्हंजी मामंजींचं बरोबर हुतं?"

"बरोबर होतं."

"मंग हे मला एकलीला सांगून काय उपेग? मला वाचता येत न्हाई, पर तुमी लिहून द्या. वहीत लिवलं तसं लिवा. पोरं वाचत्याल, गाव वाचंल."

त्या दिवशी तिथं बसून लिहिता आलं नाही. पाठवतो म्हणून निघालो. त्यानंतर संपादकांचा हा फोन आला. गमतीजमतींसाठी राखलेल्या या पानांवर ती नोंद देतो आहे, संपादक छापतील अशी आशा आहे. रजिस्टरमध्ये लिहितात तशीच देतो.

शून्य ते चार फूट, काळी माती. चार ते अठरा, पिवळा मुरूम. अठरा ते चोवीस, मुरमातला धोंडा. चोवीस ते अडतीस, पुन्हा मुरूम. अडतीसपासून खाली काळा पाषाण. एकशे दहावर पाणी. केसिंग वीस फूट, धोंड्यात. पाषाणापर्यंत नेलं नाही. ओट्याच्या पायाशी खड्डा, ड्रिलरला विचारून. पस्तीस फुटांवर असताना लहानू अण्णांनी धोंडा ओळखून ड्रिलरला सांगितलं. त्यांचं बरोबर होतं.